तांबड्या रेघेचा तपास

भाऊजींच्या तपासवहीत पहिल्या पानावर, जिथे लोक नाव आणि रक्तगट लिहितात तिथे, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : ‘प्रस्तुत गुप्तहेराची नजर भिंतीपलीकडे, कान दारापलीकडे आणि बुद्धी सामान्य माणसाच्या पलीकडे पोचते. उंची मध्यम. कपाळ भव्य. स्वभाव अत्यंत निगर्वी.’ यातल्या ‘निगर्वी’ या शब्दाखाली दोनदा रेघ मारलेली होती.

कपाळ भव्य होतं यात वाद नाही. दर वर्षी ते बोटभर आणखी भव्य होत होतं. बाकीच्या दाव्यांबद्दल मात्र जाणकारांत मतभेद होते. भाऊजी पोटापाण्यासाठी टपाल कचेरीत नोकरी करत. पत्ता न लागणारी पत्रं ज्या खोलीत येऊन पडतात, त्या खोलीचे ते प्रमुख होते आणि त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मागच्या वर्षी त्यांनी एका लिफाफ्यावरची अर्धी पुसलेली अक्षरं, शाईचा रंग आणि डिंकाचा वास यांवरून अचूक तर्क लढवून एक पत्र पोचतं केलं. ते ज्याने पाठवलं होतं त्यालाच मिळालं. भाऊजींनी वहीत ‘केस सुटली’ असा शेरा मारला.

अशा माणसाला मदतनीस लागतोच. तो मान त्यांच्या मेहुण्याला मिळाला, तोही मेहुण्याने न मागता. त्याच्या ताईचं भाऊजींशी लग्न होऊन आठवडा झाला होता. मेहुणा तिच्या नव्या घरी गेला तर भाऊजी जिन्यात गुडघ्यावर बसून घराची हरवलेली किल्ली शोधत होते. किल्ली दाराच्या कुलपातच लटकत होती. मेहुण्याला ती दिसत होती. पण नवे भाऊजी, पहिलीच खेप, उगाच कशाला त्यांचा पाणउतारा, म्हणून तोही शेजारी गुडघ्यावर बसला आणि शोधू लागला. अर्ध्या तासाने भाऊजींनी किल्ली ‘हुडकून काढली’. “तुझ्यात गुण आहेत,” ते म्हणाले. त्याला आता नऊ वर्षं झाली होती, आणि मेहुणा अजूनही भाऊजींच्या शेजारी गुडघ्यावरच होता.

मेहुणा तेव्हापासून त्यांच्याच घरी राही आणि चष्म्याच्या दुकानात काम करी. भाऊजी कचेरीत जाताना त्याला रोज मोटरसायकलच्या मागच्या सीटवर घेऊन जात आणि दुकानापाशी सोडत. गाडी सोळा वर्षांची, शांत स्वभावाची, मागे भलंमोठं लोखंडी मडगार्ड असलेली. कुठूनतरी भाऊजींच्या डोक्यात शिरलं, की हे मडगार्ड म्हणजे तपासकार्यातला अडसर आहे.

“पाठलाग करताना मागचं वजन खेचतं,” ते म्हणाले. “हल्लीच्या सगळ्या चपळ गाड्या बघ. मागे काही नाहीच. नुसतं चाक.”

“पण भाऊजी, आपण पाठलाग केलाय कधी?”

“मडगार्डमुळेच नाही केला.”

गॅरेजवाल्याने या कामाचा जो आकडा सांगितला तो ऐकून भाऊजी मंद हसले. काम घरीच करायचं ठरलं, आणि घरात जे आहे त्यातच भागवायचं असंही ठरलं. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली गेली. माप घ्यायला ताईची शिवणकामाची टेप, खूण करायला तिचाच खडू. कापायच्या जागी चिकटपट्टी लावायची असते असं भाऊजींनी कुठेतरी वाचलं होतं. ती नव्हती, म्हणून औषधांच्या डब्यातली जखमेवर लावायची पट्टी लावली. लोखंड कापायची करवत वरच्या मजल्यावरून उसनी आणली. मेहुण्याने मडगार्ड दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि भाऊजींनी कापायला घेतलं.

गोल पत्र्यावर सरळ रेघ मारणं सोपं नसतं. पहिला तुकडा पडला तेव्हा डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं लांब निघाली. भाऊजींनी डावी कापली. मग उजवी लांब वाटू लागली. ती कापली. मग पुन्हा डावी. करवतीची दोन पाती मोडली. वाढलेली मिशी कातरताना जे होतं तेच इथे झालं, आणि दुपारी जेवायला हाक आली तेव्हा त्या भल्यामोठ्या मडगार्डचा वीतभर तुकडा सीटखाली शिल्लक होता. मात्र दोन्ही बाजू आता अगदी समान होत्या. नंबरप्लेटला आणि मागच्या दिव्याला राहायला जागा उरली नाही, म्हणून भिंतीवरच्या जुन्या फळीखालची लोखंडी पट्टी वाकवून ती सीटच्या मागे ठोकली. काळ्या रंगाचा स्प्रे अर्ध्यातच संपला. उरलेल्या कडेला बुटांचं पॉलिश लावलं.

“बघ,” भाऊजी दहा पावलं मागे सरकून म्हणाले. “काय बदल वाटतो?”

“उघडी वाटते,” मेहुणा म्हणाला.

“चपळ म्हण.”

“चपळ वाटते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मेहुणा भिंतीवरच्या फ्रेम काढायला गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभा राहिला आणि मालक खाकरले. मेहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर कमरेपासून थेट कॉलरपर्यंत तळहाताएवढी रुंद, चिखलाची तांबडी रेघ होती.

मंगळवारी दुसऱ्या शर्टावर दुसरी रेघ. बुधवारी तिसरी. मालक म्हणाले, “दुकानात लोक नीट दिसावं म्हणून येतात, आणि आधी तुमची पाठ दिसते. काहीतरी करा बुवा.” ताई रोज संध्याकाळी शर्ट घासून घासून बेजार झाली होती.

“हे आधी कधी होत नव्हतं,” ताई म्हणाली.

“आधी मी इतका प्रसिद्ध नव्हतो,” भाऊजी म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

आता वाचक हुशार आहेत, त्यांना एव्हाना सगळं कळलंच असेल. पण वाचकांना भाऊजींच्या समोर बसून जबाब द्यायचा नव्हता. मेहुण्याला द्यायचा होता.

“तुझे शत्रू कोण कोण?”

मेहुण्याने खूप विचार केला. एकदा एका गिऱ्हाइकाला त्याने चुकून दुसऱ्याचा चष्मा दिला होता, पण तो त्यालाच आवडला होता. “कोणीच नाही भाऊजी,” तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांत आपल्याला एक शत्रूही मिळवता आला नाही याचं त्याला जरा वाईट वाटलं.

“म्हणजे शत्रू माझे आहेत. वार तुझ्यावर होतोय. मला थेट भिडायची त्यांची छाती नाही. माझा कोट बघ.” भाऊजींचा क्रीम रंगाचा कोट खरोखर स्वच्छ होता. एक थेंब नव्हता. “रोज एकाच गाडीवरून आपण दोघं जातो. तू बरबटतोस, मी नाही. यातून काय सिद्ध होतं?”

“काय?”

“धाक,” भाऊजी म्हणाले.

पहिला संशय समोरच्या चष्मेवाल्यावर गेला. तो सकाळी दुकान उशिरा उघडतो, म्हणजे त्याआधी मोकळा असतो. दुसरा संशय एका गुप्त टोळीवर. रोज एकच उभी रेघ, म्हणजे ती टोळी बळी मोजतेय. “मग दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन रेघा व्हायला हव्या होत्या ना? रोज एकच कशी,” असं मेहुणा म्हणाला, तेव्हा भाऊजींनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने टोळीची माफी मागितली.

गुरुवारी प्रयोग झाला. भाऊजींनी मेहुण्याला मागच्या सीटवर उलटं बसवलं, म्हणजे त्याची पाठ भाऊजींच्या पाठीला आणि तोंड मागच्या रस्त्याकडे. हातात दुकानातलं भिंग.

“खिडक्या बघायच्या. गच्च्या बघायच्या. चिखल फेकणारा उंचावर असणार. एक क्षणही खाली बघायचं नाही.”

मेहुणा आज्ञाधारक होता. इमारतीच्या आतल्या रस्त्यावरून फाटकापर्यंत तो मान वर करून खिडक्या बघत गेला. एका खिडकीत एक बाई टॉवेल झटकत होत्या, त्यांनी त्याला असं उलटं जाताना पाहिलं आणि टॉवेल झटकायचा थांबवला. दुसरं काही दिसलं नाही. पण फाटकाशी पोचेपर्यंत पोटापासून हनुवटीपर्यंत तो तांबडा झाला होता, भिंगासकट.

“कोणी दिसलं?”

“नाही भाऊजी.”

“म्हणजे गुन्हेगार बुटका आहे,” भाऊजी म्हणाले.

भिंगावरचा चिखल त्यांनी कागदावर खरवडून घेतला, उन्हात धरला, हुंगला. मग ते तडक आतल्या रस्त्याच्या कडेच्या वाफ्यांपाशी गेले. वाफ्यांत मागच्याच आठवड्यात नवी तांबडी माती घातली होती. माळीकाका रोज सकाळी तिथे रबरी पाइपने पाणी घालत, आणि पाणी ओघळून रस्ता ओला होई. माळीकाका अंगाने ठेंगणे होते.

भाऊजींच्या भव्य कपाळावर समाधान पसरलं. “माती यांची. पाणी यांचं. वेळ यांची. उंचीही यांचीच.”

माळीकाका गेली अकरा वर्षं तिथे काम करत होते. फाटकाजवळच्या खोलीत ते आणि काकू राहत. काम गेलं तर खोलीही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेहुण्याने त्यांना कधी कुणाला वर आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. ते मोगऱ्यालासुद्धा “जरा सरक रे” म्हणून कापत.

“भाऊजी, काका कशाला माझ्यावर चिखल उडवतील?”

“हेतू नंतर शोधायचा असतो. आधी गुन्हेगार.” भाऊजींनी कागद पुढे केला. इमारतीच्या अध्यक्षांच्या नावे तक्रार होती. “बाधित व्यक्ती म्हणून तुझी सही लागते.”

मेहुण्याने कागद वाचला. त्यात ‘पूर्वनियोजित’ आणि ‘सराईत’ असे शब्द होते. त्याला सही करायची नव्हती. पण नऊ वर्षांत भाऊजींना नाही म्हणायची सवय लागली नव्हती, आणि सवय नसलेलं काम अंगावर येतं. त्याने सही केली आणि रात्री त्याला धड जेवण गेलं नाही.

अध्यक्षांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणाला तरी काढून टाकण्याची संधी मिळत होती. त्यांनी त्याच संध्याकाळी आदेश काढला : रविवारी सभा, तोवर माळ्याने नळाला हात लावायचा नाही.

शुक्रवारी पाणी पडलं नाही. रस्ता कोरडा ठणठणीत. मेहुण्याच्या शर्टावर एक ठिपकासुद्धा नाही. शनिवारीही नाही.

“पुरावा,” भाऊजी म्हणाले. “याहून शास्त्रीय पुरावा जगात कोणी दिलेला नाही. माळी थांबला, रेघ थांबली.”

मेहुणाही गोंधळला. खरंच थांबली होती. मात्र वाफ्यांतली रोपं माना टाकून पडली होती, आणि माळीकाका नळाशेजारी बसून त्यांच्याकडे बघत होते. मेहुण्याला बघून ते नेहमीसारखं हसले आणि जरा सरकले, तो बसेल असं वाटून. तो बसला नाही. घाईत असल्यासारखा पुढे गेला, आणि पुढे त्याला काहीच काम नव्हतं.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. भाऊजींनी कोटाला इस्त्री करून घेतली होती. त्यांनी अर्धा तास भाषण केलं. पुरावे म्हणून तीन धुतलेले शर्ट दाखवले, ज्यांच्यावर ताईच्या कष्टांमुळे आता काहीही दिसत नव्हतं. लोकांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “ठराव मांडण्याआधी आरोपीला विचारायची पद्धत आहे. काय हो, तुम्हाला काही म्हणायचंय?”

माळीकाका उठले. “मडगार्ड कापलंय ना साहेबांनी,” ते म्हणाले. “ओल्या रस्त्यावरून चाक गेलं की माती उडते. आधी मडगार्ड अडवायचं. आता कोण अडवणार?”

आपण ते मडगार्ड स्वतःच्या दोन हातांनी धरलं होतं, आणि सात दिवसांत हे आपल्या डोक्यात एकदाही आलं नाही, याची मेहुण्याला भयंकर लाज वाटली. पहिल्या रांगेत ताईने कपाळावर हात मारून घेतला.

“तुम्हाला हे ठाऊक होतं?” अध्यक्ष म्हणाले. “मग बोलला का नाहीत?”

“मला कोणी विचारलंच नाही. नळाला हात लावू नका, एवढंच सांगितलं.”

पण भाऊजी अशा लहानसहान धक्क्यांनी डगमगणारे नव्हते. ते हसले. “कल्पना चांगली आहे. पण एका प्रश्नाचं उत्तर द्या. गाडी रोज मी चालवतो. त्याच रस्त्यावरून, त्याच चाकावर. मग माझ्या कोटावर एक थेंब का नाही? चाकाला माणसं ओळखता येतात?”

वा, वा, असं मागून कोणीतरी म्हणालं. अध्यक्षांनीही मान हलवली.

“तुमच्या मागे दादा बसतात,” माळीकाका म्हणाले. “सगळं त्यांच्यावर येतं. तुमच्यापर्यंत पोचतच नाही.”

“म्हणजे,” भाऊजी सभेकडे वळून म्हणाले, “माझा सख्खा मेहुणा हा मडगार्ड आहे, असं यांचं म्हणणं!”

सभा खो खो हसली. अध्यक्षही हसले. मेहुणा हसला नाही. जिन्यातली किल्ली, भिंगावरचा चिखल, कागदावरची सही, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यात विनोद काय आहे तेच त्याला कळेना. माळीकाकांनी नेमकं सांगितलं होतं.

“ओल्या रस्त्यावरून साहेबांनी एकट्याने एक चक्कर मारून बघावी,” माळीकाका म्हणाले.

“गुप्तहेर हा प्रयोगाचा विषय नसतो. आणि समजा चाकच दोषी, तरी पाणी कोणाचं? माती कोणाची? साथीदार तर ठरलेच!”

“मुद्दा आहे,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं. “ठराव. माळी यांना या महिनाअखेरपासून—”

“थांबा,” मेहुणा म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला, की तो त्याला स्वतःलाही परका वाटला. तो उठून उभा राहिला. “तक्रार माझ्या सहीची आहे. मी ती मागे घेतो.”

“खाली बस,” भाऊजी म्हणाले.

“नाही.” एकदा म्हणून झाल्यावर तो शब्द वाटला तितका जड नव्हता. “काका झाडांना पाणी घालतात, ते त्यांचं कामच आहे. मडगार्ड आम्ही कापलं. मी धरलं होतं. रस्ता सगळ्यांचा आहे आणि चिखल आमच्या चाकाचा आहे. माझी तक्रार नाही. बाधित व्यक्ती मीच ना? मग मला काही झालेलं नाही.”

“पण पुरावा...”

“भाऊजी, त्या दिवशी किल्ली कुलपातच होती,” मेहुणा म्हणाला आणि बसला.

याचा अर्थ सभेत फक्त दोघांना कळला. ताई दुसरी होती. तिने तोंडाला पदर लावला. भाऊजींना कळला की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

तक्रारच उरली नाही म्हटल्यावर अध्यक्षांचा निरुपाय झाला. त्यांनी मोठ्या जड मनाने पेन बंद केलं आणि इतिवृत्तात लिहिलं, की माळी यांनी काम पुढे चालू ठेवावं, झाडं फार सुकली आहेत. सभा संपली. माळीकाका खुर्च्या आवरायलाही थांबले नाहीत. त्यांनी जाऊन नळ पूर्ण सोडला आणि तीन दिवसांची तहान भागवायला पाइप या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवू लागले. मेहुणा त्यांच्यापाशी गेला.

“काका, मी सही करायला नको होती.”

“नको होती,” माळीकाका म्हणाले. मग म्हणाले, “तो मधला पाइप जरा उचला, मुडपलाय.”

मेहुण्याने पाइप उचलला. पाणी जोरात सुटलं, वाफे भरले, आणि तांबडं पाणी ओघळत रस्त्यावर पसरलं.

तेवढ्यात भाऊजी मोटरसायकल ढकलत आले. “वही संपली आहे. नवी आणायची. या केसमध्ये एक महत्त्वाचा धागा आता माझ्या हाती लागलाय,” ते म्हणाले. “मडगार्ड तू धरलं होतंस. म्हणजे सगळ्याचं मूळ तुझ्या धरण्यात आहे. बस मागे, वाटेत सांगतो.”

“तुम्ही व्हा पुढे,” मेहुणा म्हणाला. “मी नाही येत.”

भाऊजींनी क्षणभर रिकाम्या सीटकडे बघितलं. नऊ वर्षांत ती रिकामी घेऊन ते या फाटकातून कधी बाहेर पडले नव्हते. मग त्यांनी कोट झटकला, मान ताठ केली आणि गाडी सुरू केली. इस्त्रीचा क्रीम रंगाचा कोट उन्हात झळकत ओल्या रस्त्यावरून फाटकाकडे निघाला, आणि त्याच्यावर कमरेपासून कॉलरपर्यंत एक तांबडी रेघ चढत गेली. सरळ, ठसठशीत, अगदी मधोमध.

माळीकाकांनी पाइप खाली धरला. “हाक मारू का साहेबांना?”

“नको,” मेहुणा म्हणाला. “केस त्यांची आहे. त्यांनाच सोडवू द्या.”